उंटांचा बाजार, बैलांची वाट आणि मी न विचारलेला प्रश्न : महाड-पोलादपूरच्या बाजाराचा इतिहास शोधताना



मागच्या लेखात संशोधनाचा प्रश्न कसा ठरवायचा याबद्दल लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की प्रश्न ठरवल्यावर तो चुकीचा निघाला तर काय करायचं? आज त्याचंच उत्तर देतोय, माझ्या स्वतःच्या फजितीवरून.

गोष्ट सुरू होते ती उंटांपासून. हॉस्टेलमधला माझा एक मित्र कार्तिकात पुष्करला जाऊन आला. राजस्थानातल्या त्या वाळवंटी गावात कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत उंटांची मोठी जत्रा भरते. एकीकडे सरोवरात स्नान, ब्रह्मदेवाचं दर्शन आणि दुसरीकडे वाळूच्या टेकड्यांवर उंट-घोड्यांचा सौदा. मित्राने शेकडो फोटो आणले. ते दाखवता दाखवता म्हणाला, "तुमच्या महाडकडे असं काही आहे का रे? की नुसता पाऊसच?"

माझा विषय महाड-पोलादपूर भागातल्या घाटवाटा आणि बाजार. त्यामुळे हे मनाला लागलं. उत्तर द्यायला गेलो आणि लक्षात आलं, की त्याचा प्रश्न थट्टेचा असला तरी संशोधनाचा आहे. वाळवंटात उंटांचा बाजार भरतो, मग डोंगर आणि खाडीच्या मधल्या गावात कशाचा भरतो? आणि का?

बाराशे उंट आणि एक आकडा

आधी एक गंमत. आपल्याकडे उंट आलेच नाहीत असं नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर निघालात की प्रतापगड लागतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला आणि त्याच्या फौजेची छावणी लुटली गेली. सभासद बखरीत या लुटीची यादी आहे, आणि त्यात हत्ती ६५, घोडे ४०००, तर उंट १२०० असे आकडे येतात. जावळीच्या किर्र रानात बाराशे उंट! माझ्या पहिल्या मसुद्यात मी हे वाक्य मोठ्या आनंदाने टाकलं होतं.

गाईड मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : "कोणी मोजले?"

इथे नवीन विद्यार्थ्यांसाठी पहिला धडा. कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, १६९० च्या दशकात लिहिली. म्हणजे घटनेला पस्तीसएक वर्षं उलटून गेलेली. आकडे गोल आहेत, आणि विजयाच्या वर्णनातले आहेत. म्हणून ते खोटे ठरत नाहीत, पण खानेसुमारीसारखे वापरताही येत नाहीत. त्यांतून एवढं नक्की कळतं, की विजापूरच्या बड्या सरदाराच्या फौजेसोबत ओझ्याला उंट असणं लिहिणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला स्वाभाविक वाटत होतं. उंट देशावरचे, फौजेचे. वाईकडून डोंगर ओलांडून आलेले ते ओझ्याचे पाहुणे होते, इथल्या बाजाराचे नव्हते.

का नव्हते, याचं कारण साधं आहे. उंटाचा तळवा मऊ आणि पसरट. वाळूत तो रुतत नाही, पण ओल्या चिकणमातीवर आणि निसरड्या कातळावर घसरतो. दमट हवा आणि माश्यांमुळे होणारे रोग त्याला मानवत नाहीत. उलट बैलाचा दुभंगलेला खूर चढणीला धरून राहतो. जनावर डोंगरात वाढलेलं असेल तर पायऱ्यांची वाटही चढतं, आणि वाटेत मिळेल ते गवत खातं. म्हणून घाटवाटांवरचं वाहन म्हणजे पाठीवर दोन बाजूंना गोण्या टाकलेला बैल. काही लमाणांचे तांडे, काही घाटाच्या वरचे-खालचे शेतकरी सुगी आटोपल्यावर स्वतःचे बैल घेऊन निघालेले. पुष्करचा उंट तो आमचा गोणीचा बैल, असं मी मित्राला सांगितलं.

जत्रेची तिथी आणि पावसाचं गणित

मग मी जत्रांच्या तिथी मांडायला घेतल्या. हे तुम्हीही करून पाहा, सोपं आहे आणि बरंच शिकवतं. पुष्कर कार्तिक पौर्णिमेला. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची जत्रा, जिथे घोडे, गाढवं, उंट असं सगळं येतं, तीही मार्गशीर्षातच. जेजुरीचा गाढवांचा बाजार पौष पौर्णिमेला. देव वेगळे, जनावरं वेगळी, पण महिने बघा : पाऊस संपलाय, पीक हातात आलंय, चारा आहे, वाटा कोरड्या आहेत.

महाडचं ग्रामदैवत वीरेश्वर. त्याचा छबिना महाशिवरात्रीला असतो. गावोगावच्या पालख्या येतात, उंच सासनकाठ्या नाचवल्या जातात, विन्हेऱ्याची झोलाई देवी रात्री येते आणि तिच्या भेटीसाठी अख्खं गाव जागतं. सोबत खेळणी, भांडी, मिठाई, पाळणे यांचा बाजार. माघ वद्य चतुर्दशी म्हणजे फेब्रुवारी-मार्च. हा महाडच्या व्यापारी हंगामाचा भर. कारण इथे दोन कुलपं होती. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, आणि त्याच सुमारास घाटही चिखलाने बंद. दोन्ही कुलपं उघडल्यावर दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे महिने हेच काय ते व्यापाराचे. देवाची तिथी पंचांगात असते, पण बाजाराची तिथी पाऊस ठरवतो.

मात्र इथे सावध राहा. "छबिन्याची जत्रा व्यापारासाठीच सुरू झाली" असं यातून सिद्ध होत नाही. दोन गोष्टी एकाच महिन्यात घडतात म्हणजे एक दुसरीचं कारण असतेच असं नाही. मी एवढंच म्हणू शकतो, की जत्रेला येणाऱ्या माणसाला आणि बाजाराला येणाऱ्या बैलाला एकच वाट आणि एकच ऋतू लागत होता.

महाडच का?

नकाशा उघडा. सह्याद्रीतून निघालेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते, तिथे तिला गांधारी मिळते आणि पुढे दासगाववरून बाणकोटला ती समुद्राला भेटते. भरतीचं पाणी आत महाडपर्यंत चढायचं. भरतीसोबत पडाव आणि मचवे वर यायचे. म्हणजे महाड हे समुद्रापासून इतकं आत असूनही बंदर. आणि त्याच्या पाठीशी घाटवाटांचा पंखा : भोरकडे वरंधा, जावळीकडे पार, शिवाय मढे, शेवत्या अशा कितीतरी पायवाटा. जिथे होडी थांबते आणि बैल सुरू होतो, तिथे बाजार वसतो.

खालून वर जायचं ते मीठ, सुकी मासळी, नारळ, तांदूळ. वरून खाली यायचं ते मिरची, गूळ, तेल, तंबाखू, कापड. यात मीठ सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्याच्याशिवाय देशावरच्या कुठल्याही घराचं चालत नाही.

ही जागा जुनी आहे. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत एका श्रेष्ठीच्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या मुलाने दिलेल्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. भिक्खूंची वस्ती आणि व्यापाऱ्याचं दान ही जोडी कोकणापासून घाटमाथ्यापर्यंत सगळीकडे दिसते, ती इथेही आहे. पुढे रायगड राजधानी झाला तोही याच तालुक्यात. गडावरची "बाजारपेठ" तुम्ही पाहिली असेल : समोरासमोर दोन रांगा, उंच जोती. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती उंच, असं तिथे हमखास सांगितलं जातं. काही अभ्यासकांच्या मते ही दुकानं नसून राहण्याच्या जागा असाव्यात. जोतं आपल्याला फक्त त्याची उंची सांगतं. घोडेस्वार गिऱ्हाईक आपण त्यावर आणून बसवतो. दुसरा धडा हाच : अवशेष आणि त्याबद्दलची गोष्ट वेगवेगळ्या वहीत लिहा.

राजकारण्यांनाही या जागेचं मोल कळत होतं. १७५६ च्या तहात इंग्रजांनी पेशव्यांकडून बाणकोट कायम करून घेतलं, तेव्हा नदीच्या वरच्या अंगाचं दासगावही पदरात पाडलं. १७९६ साली पुण्यातल्या कारस्थानांत अडचणीत आलेले नाना फडणवीस महाडला येऊन राहिले आणि तिथूनच निजामाशी तह जुळवला. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसरा बाजीराव पळाला तोही आधी महाडला, मग सुवर्णदुर्ग आणि शेवटी वसईला. पुण्यातून निसटलेल्या माणसाला घाट पाठीशी आणि समुद्र समोर हवा असेल तर महाड सोयीचं. जी वाट मिठाच्या गोणीची, तीच पेशव्याची.

वाट बदलली की गाव बदलतं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरंधा आणि आंबेनळीतून गाडीरस्ते झाले. आंबेनळीच्या रस्त्याला साहेबांच्या नावाने फिट्झगेराल्ड घाट म्हणत, तो १८७६ च्या सुमारास खुला झाला. पाठीवरची गोणी उतरून गाडीत आली. पारची जुनी वाट, जिच्यावर पार गावचा जुना दगडी पूल आजही उभा आहे, ती हळूहळू ओस पडली. त्याआधी १८६३ मध्ये बोर घाटातून आगगाडी धावू लागली होती आणि देशावरचा माल थेट मुंबईला जाऊ लागला होता. लहान बंदरांचं महत्त्व तिथून ओसरत गेलं.

पोलादपूर मात्र या बदलात टिकलं, कारण मुंबई-गोवा रस्ता आणि महाबळेश्वरचा रस्ता तिथे एकमेकांना भेटतात. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी याच गावात आहे. एसटी स्टँडवरून घाईघाईने गाडी बदलणाऱ्या कितीजणांना ते माहीत असतं, देव जाणे.

कागदपत्रांबद्दल एक व्यावहारिक सूचना इथेच देतो. "रायगड जिल्हा" म्हणून शोधलंत तर हाती फारसं लागणार नाही. हे नाव १९८१ पासूनचं. त्याआधी कुलाबा. १८८३ च्या गॅझेटिअरचा खंड "कुलाबा आणि जंजिरा" असा आहे. त्याही आधी काही काळ महाडचा कारभार रत्नागिरी जिल्ह्यातून चाले, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले कागद रत्नागिरीच्या रुमालांत पाहावे लागतात. पेशवाईच्या जकातीसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर. ते मोडीत आहे, म्हणून मोडी शिकायला आजपासून लागा. "नंतर शिकू" म्हणणारे माझ्यासारखे दोन वर्षं दुसऱ्याकडून लिप्यंतर करून घेत बसतात.

मॅडमचा प्रश्न

आता फजितीकडे येतो. एवढी सामग्री जमल्यावर मी प्रकरण लिहिलं. वाटा, माल, हंगाम, जकात, नकाशे, सगळं होतं. मुलाखतीही होत्या. महाशिवरात्रीच्या आधी आठवडाभर पोलादपूरच्या आसपासच्या वाड्यांवर फिरलो होतो. एका आजोबांनी त्यांच्या आजाकडून ऐकलेलं सांगितलं : बैलांच्या गळ्यातल्या घंटा, घाटात ओझ्याने सोलवटलेल्या पाठी, त्यावर हळद-तेल, आणि परत येताना आणलेल्या मिरचीच्या वासाने भरलेलं घर. मी खूश. हे सगळं प्रकरणात गेलं.

मॅडमनी चाळीस पानं वाचली आणि विचारलं, "बैलांना पाणी कुठे पाजायचे?"

मी म्हटलं, "नदी आहे की, मॅडम. शिवाय गावात तळी आहेत."

"नदीला भरती येते म्हणालास ना? मग पाणी मचूळ. तळं कुठलं?"

"चवदार," मी म्हणालो. आणि नाव तोंडातून बाहेर पडल्या पडल्या मला कळलं, की मी काय करून बसलोय.

महाडच्या बाजाराचा इतिहास लिहिताना मी चाळीस पानांत चवदार तळ्याचा साधा उल्लेखही केला नव्हता. माझ्या डोक्यात तो "चळवळीचा इतिहास" होता, आणि माझा विषय "आर्थिक इतिहास". दोन वेगळे कप्पे. पण तळं काही कप्प्यात नव्हतं. ते बाजाराच्या गावात होतं.

त्या रात्री वही काढली. फिरतीत एका वस्तीवर एका बाईंनी मला सांगितलेलं वाक्य "इतर" या रकान्यात लिहून ठेवलं होतं : "आमची आजी सांगायची, म्हाडच्या बाजाराला जाताना एक भाकरी कमी घेतली तरी चालंल, पण पाणी घरनं न्यायचं." मी तेव्हा मान डोलावली होती आणि पुढचा प्रश्न विचारला होता, की बाजारात काय विकायला न्यायचे? लाकूडफाटा, गवत की कोंबड्या? वाक्य माझ्यासमोर होतं. माझ्या प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती, म्हणून ते "इतर" झालं.

बाजाराला या, पाणी पिऊ नका

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या लढ्याबद्दल लिहिताना हा मुद्दा अगदी स्पष्ट मांडला आहे. आसपासच्या गावांतले अस्पृश्य महाडला का येत? खरेदीसाठी. आणि गावकामगार म्हणून, वसूल झालेला सरकारी सारा खजिन्यात भरण्यासाठी. परगावच्या माणसाला पाणी मिळेल असं सार्वजनिक ठिकाण म्हणजे चवदार तळं. तेच त्यांना बंद. उरली ती गावातल्या अस्पृश्य वस्तीतली विहीर, तीही मध्यवस्तीपासून दूर. म्हणजे सरकारचा पैसा ज्यांच्या हातून खजिन्यात पोचत होता आणि ज्यांच्या खरेदीवर दुकानं चालत होती, त्यांना त्याच गावात ओंजळभर पाणी नव्हतं. जनावरांना चालणारं पाणी माणसांना नाकारलं जातं, हे त्या लढ्यात वारंवार बोललं गेलं. मॅडमचा प्रश्न बैलांचा होता. उत्तर माणसांपाशी येऊन थांबलं.

पुढचा क्रम तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, पण बाजाराच्या बाजूने पुन्हा वाचा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, काठावर काही बदललं नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली आणि २० तारखेला लोक शिस्तीत तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. महाशिवरात्र होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. वाटा कोरड्या होत्या, गावोगावची माणसं चालत येऊ शकत होती. आणि परतणाऱ्यांवर हल्ला झाला तो कुठल्या अफवेने? हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत, या अफवेने. ज्या देवाच्या छबिन्यावर मी चार पानं लिहिली होती, तोच वीरेश्वर.

४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह परिषद ठरली, आणि इथे तर बाजार उघडच समोर येतो. मंडपाला जागा मिळेना, ती शेवटी एका मुस्लिम गृहस्थांनी दिली. गावातल्या व्यापाऱ्यांनी माल विकायचं नाकारलं, म्हणून परिषदेला लागणारं धान्य बाहेरून आणावं लागलं. बाजार म्हणजे पैसे टाकले की कोणालाही माल मिळतो ती जागा, ही माझ्या प्रकरणातली व्याख्या तिथेच मोडली. बाजाराला दार होतं आणि ते कोणासाठी उघडायचं हे ठरवणारे लोक होते.

बाबासाहेब मुंबईहून २४ डिसेंबरला प्रतिनिधींसह "पद्मावती" बोटीने निघाले, २५ ला दासगावला उतरले आणि तिथून सगळे मिळून महाडपर्यंत चालत गेले. नकाशावर ती रेघ ओढून बघा. समुद्र, मग खाडी, मग दासगाव, मग महाड. मिठाच्या होड्यांची जुनी वाट! मी ती वाट तीन वर्षं अभ्यासत होतो आणि तिच्यावरून गेलेला सगळ्यात मोठा प्रवास माझ्या नकाशावर नव्हता. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं.

त्याच काळातली आणखी एक खूण म्हणजे रा. बा. मोरे. महाडच्या परिषदेमागे धडपडणारे हे दासगावकडचे कार्यकर्ते, पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले. महाडच्या बाजारात येणाऱ्या अस्पृश्यांना चहा-पाणी मिळावं म्हणून निघालेल्या दुकानाची हकीकत त्यांच्या आठवणींत येते. आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी हा पहिल्या दर्जाचा पुरावा आहे. पण मी तो "चरित्रं" या कपाटात ठेवून दिला होता.

न्यायालयातला इतिहासाचा पेपर

आता पुराव्याबद्दलचा शेवटचा आणि मला सगळ्यात आवडणारा भाग. डिसेंबर १९२७ मध्ये काही स्पृश्य गृहस्थांनी दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. दावा असा, की तळ्यावर अस्पृश्यांनी न येण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे. महाडच्या न्यायालयाने जून १९३१ मध्ये तो फेटाळला. प्रकरण वर वर जात १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही.

हा निकाल इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. कारण तिथे न्यायमूर्ती नेमकं तेच विचारतात जे आपल्याला मौखिक परीक्षेत विचारलं जातं : "पूर्वापार" म्हणजे कधीपासून? साक्षीदाराच्या आठवणीपलीकडचं तुम्हाला कसं माहीत? जिवंत माणसांच्या आठवणीत एक प्रथा आहे म्हणून ती अनादि ठरत नाही. सभासदाच्या उंटांना जो प्रश्न मॅडमनी लावला होता, तोच इथे वहिवाटीला लावला गेला. फरक इतकाच, की उंटांच्या आकड्यावर माझे मार्क अवलंबून होते आणि या उत्तरावर हजारो लोकांचं पाणी.

चिखलातल्या वह्या

प्रकरण नव्याने लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं, की दुकानदारांच्या जुन्या चोपड्या पाहायच्या. कोणाला उधारी मिळत होती, कोणाला रोखीनेच, आणि कोणाची नावंच नाहीत, हे त्यांतून कळलं असतं. महाडच्या पेठेत एका घरी गेलो. आजोबा शांतपणे म्हणाले, "उशीर केलात. एकवीसच्या पुरात गेल्या सगळ्या." २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती. तळमजल्यावरच्या पेट्यांमधले कागद लगदा झाले आणि गाळासोबत फेकले गेले. ज्या नदीने हा बाजार वसवला, तिनेच त्याच्या वह्या नेल्या. त्याच पावसात तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून माणसं गेली. वह्यांचं दुःख त्यापुढे लहान आहे, हे मला कळतं. तरी सांगतो, कारण तुमच्या गावच्या पेट्या अजून कोरड्या असतील. या सुट्टीत जाऊन त्यांचे फोटो काढा. प्रबंधाचा विषय ठरला नसला तरी काढा.

आता मित्राच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्याकडे उंटांचा बाजार नाही. आमच्याकडे बैलांची वाट होती आणि ती एका तळ्यापाशी येऊन थांबायची. यंदाच्या छबिन्याला त्याला घेऊन गेलो. सासनकाठ्या बघून तो हरखला. दुसऱ्या दिवशी सकाळी चवदार तळ्यावर गेलो, तेव्हा मात्र त्याने कॅमेरा बाहेर काढला नाही. काठावर बराच वेळ बसला आणि मग म्हणाला, "पुष्करला पण सरोवर आहे. तिथे कोण कोण पाणी पिऊ शकायचं, हे मी विचारलंच नाही."

माझ्यासारखाच. म्हणून शेवटी एकच काम देतो. तुमच्या प्रश्नावलीतला "इतर" हा रकाना आज पुन्हा वाचा. तिथे ढकललेली वाक्यं एका स्वच्छ कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे लिहा : हे मी इतरमध्ये का टाकलं? माझं पाचवं प्रकरण त्या एका भाकरीच्या आणि पाण्याच्या वाक्यापासून सुरू होतं. सध्या ते मॅडमकडे आहे. पेन्सिलीच्या खुणा परत आल्या की कळवतोच.